रोलमधला शिल्लक फोटो

सापगाव, फेब्रुवारी १९९९

ज्ञानेश्वरदादा,

यांचा कॅमेरा घेऊन मी सुट्टीला जुन्या कबरस्तानांत फिरते, हे आईने तुला सांगितलं असेलच. गावात म्हणतात, गिरजाला वेड लागलंय. म्हणू देत.

परवा खर्डीला गेले. रेल्वे बांधायला आलेल्या साहेबांच्या कबरी तिथे घाणेरीच्या झुडपांत आहेत. एका लहान दगडावरचं शेवाळ पदराने पुसलं, तर खाली नाव निघालं, मेरी. वय महिन्याचंही नव्हतं. मी फोटो काढला. रडले-बिडले नाय.

आपल्यात तान्ह्या बाळाला पुरतात, वर खूण ठेवत नाहीत आणि आईला तिकडे नेत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझ्या मुलीला तूच टॉवेलात गुंडाळून ओढ्याकडे नेलंस. जागा विचारली तर म्हणालास, "विसर गो, तुला अजून होतील." झाली पण. दोन.

मला दगड बसवायचा नाय. तिचं तर नावही ठेवलं नव्हतं. फक्त जागा बघायची आहे.

हे पत्र मी टाकणार नाय. उत्तरात तू पुन्हा "विसर" असंच लिहिशील. त्यापेक्षा रविवारी मुरबाडला मीच येते. रोलमध्ये एक फोटो शिल्लक ठेवलाय.

तुझी,
गिरजा