तू चिकटवलेल्या खुणा

आई, गेल्या शनिवारी मी आपल्या स्वयंपाकघरातली तुझी बटणं काढली. तू जाऊन अकरा वर्षं झाली, तरी त्यातलं एकही जागचं हललं नव्हतं. साखरेच्या डब्यावर एक, चहापत्तीच्या डब्यावर दोन, मिठाच्या बरणीवर तीन. सगळी बाबांच्या रेल्वेतल्या जुन्या शर्टांची. काचबिंदूने बाबांची नजर गेली आणि पुढच्याच वर्षी तुझं दुखणं निघालं. डॉक्टर काय म्हणाले ते तू आम्हाला धड सांगितलं नाहीस. डहाणू रोडच्या बाजारातून पांढऱ्या डिंकाची मोठी बाटली आणि पिवळ्या डिंकाच्या दोन ट्यूब आणल्यास आणि कामाला लागलीस. डब्यांवर बटणं, पंख्याच्या आणि दिव्याच्या स्विचवर अर्धे चिंचोके, आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत कपाटांच्या सनमायकावर कमरेच्या उंचीला चिकटवलेली सुतळी. अजून डोळ्यांपुढे आहे: मी ओट्याला टेकून उभी आहे, तुझी बोटं डिंकाने पांढरी झाली आहेत आणि मी म्हणते आहे, "अगं, घराची काय दशा करतेस. हे डाग जन्मात निघणार नाहीत." तू मान वर न करता म्हणालीस, "डाग माझ्या घरावर पडतायत. तू बटणं दे." मी बटणं देत राहिले. कशासाठी चाललंय ते मला तेव्हा कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

बाबा त्या खुणांवर अकरा वर्षं एकटे राहिले. मी सायवनच्या शाळेत शिकवायला, आठवड्यातून एकदा येणार; बाकीचे दिवस ते हाताने चाचपत स्वतःचं स्वतः करायचे. आणि गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "शनिवारी ये. डब्यांवरचं, भिंतीवरचं सगळं काढायचंय." का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात आम्ही लग्नाची नोंदणी करतोय. सिस्टर इथे राहायला येतील. त्यांनी काय तुझ्या आईच्या खुणांवर स्वयंपाक करायचा?"

सिस्टर म्हणजे तलासरीला नर्स होत्या त्या. विधवा आहेत, निवृत्त झाल्यावर सरावलीला आपल्याच गल्लीत राहायला आल्या. दोन वर्षं रोज सकाळी येऊन बाबांना पेपर वाचून दाखवतात. मला ते माहीत होतं, चांगलंही वाटत होतं. लग्न म्हटल्यावर मात्र मी 'बरं' म्हणून फोन ठेवून दिला. शनिवारी आले तेव्हा मी बाबांशी नीट बोललेही नाही. ब्लेड घेतलं आणि कपाटावरची सुतळी खरवडायला लागले. सुतळीचे तंतू निघाले, खालचा वाळलेला पिवळा डिंक तसाच राहिला. मी जोर केला आणि सनमायकावर वीतभर चरा उठला.

बाबा पलंगावर बसून ऐकत होते. म्हणाले, "ब्लेड आहे ना हातात?"

"मग कशाने काढू?"

"राग आलाय तर माझ्यावर काढ. कपाटावर कशाला?"

मला रडू आलं, पण त्यांना ते ऐकू जाऊ नये म्हणून मी तशीच उभी राहिले. तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी चरा बघितला, माझ्याकडे बघितलं. ओट्यावरची खोबरेल तेलाची बाटली आणली, पदर खोचला. "पेशंटची चिकटपट्टी ओढून काढली तर चामडी निघते, ताई," त्या म्हणाल्या. "तेल लावायचं ने थांबायचं. घाई नाय करायची." आधी त्यांनी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात तेलाचा थेंब लावून डाग पडत नाही ना ते पाहिलं, मग डिंकाच्या रेघेवर कापसाने तेल लावत गेल्या. स्टीलच्या डब्यांवर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळून ठेवायला सांगितली. मी नेलपॉलिश काढायचं औषध घेऊन स्विचकडे निघाले तर त्यांनी हात धरला. "त्याने प्लास्टिक विरघळेल." मग आम्ही मेन स्विच बंद केला, चिंचोक्यांनाही तेलच लावलं आणि खाली बसून राहिलो.

बसल्यावर बोलावं लागतंच. त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. तू कोण होतीस ते नाही, ही सुतळी न्हाणीघराच्या दाराआधी अशी खाली का उतरवलीस, ते. मी सांगितलं, तिथे उंबरा आहे, हात खाली गेला की पाय उचलायचा हे बाबांना कळावं म्हणून. त्यांनी त्या उतारावरून बोट फिरवलं. "मी इतकी वर्षं नोकरी केली," म्हणाल्या, "मला नसतं सुचलं." मला बरं वाटलं, आई. इतक्या वर्षांत तुझ्या या कामाचं कौतुक कुणी केलं नव्हतं. मीही नाही.

तासाभराने फडकी सोडली तर डब्यांवरचा डिंक पांढरा, मऊ झाला होता. नखाने उचलला तशी बटणं अलगद हातात आली. कपाटावरचा डिंक जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ढकलला की मळासारखा गोळा होऊन यायचा, शेवटी साबणाच्या पाण्याने तेल पुसलं. चिंचोके सर्वांत हट्टी निघाले, तीनदा तेल लावावं लागलं. संध्याकाळपर्यंत सगळं स्वच्छ झालं. माझा चरा तेवढा राहिला.

मग सिस्टरांनी डबे फळीवर लावायला घेतले आणि मला विचारलं, "आधी कुठला होता? त्याच जागी ठेवते. यांचा हात तिथेच जाणार." बाबा उठून आले. त्यांनी फळीवर हात फिरवला, बटण नसलेल्या डब्यावर बोटं क्षणभर घुटमळली, मग त्यांनी न चुकता साखर काढून सिस्टरांपुढे धरली. त्या हसल्या. बाबांना ते दिसलं नाही, पण ऐकू गेलं असावं, कारण तेही हसले. मी त्यांना असं हसताना फार वर्षांनी पाहिलं.

हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, तरी एक गोष्ट लिहून टाकते. निघताना सिस्टर फाटकापर्यंत आल्या आणि जरा संकोचून म्हणाल्या, "यापुढे मला काय म्हणाल?" मी तोंड उघडलं आणि "मावशी" म्हणून गेले. तुला आधी विचारायला हवं होतं.