चाकाला तूप

४ ऑगस्ट, सोमवार
शी! शी! शी! दवाखान्याच्या फाटकात ब्रेक दाबला आणि गाडी अशी किंचाळली की माझ्या औषधाच्या खिडकीपुढची सगळी रांग मागं वळली. एक म्हातारा म्हणतो, "आल्या बगा गोळ्यावाल्या बाई." म्हणजे आता माझी ओळख हीच!

परभणी ते ताडकळस एसटीत उभं राहून कंबर मोडली, म्हणून ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. धूर नको, आवाज नको. आवाज नको!! शेजारी कमलबाई. दवाखान्यात झाडलोट करतात, रोज माझ्याच गाडीत येतात. त्या पदरात तोंड घालून हसायल्या. "मॅडम, म्हैस अडल्यावानी वरडतीय की ओ."

५ ऑगस्ट
जीवनरावांचं निदान: "तू चालवतीस म्हणून." बस्स. वाकून चाकाकडं बघितलंसुद्धा नाही. काडीनं दात कोरत कोरत निदान! नवरा झाला की माणूस आपोआप मिस्त्री होतो वाटतं. वर दम दिला — "आवाज गेला नाही तर गाडी मी ऑफिसला नेणार. तू जा पहिल्यासारखी एसटीनं." ह्यांचं ऑफिस गल्लीच्या टोकाला! तिथं गाडी नेऊन दाखवायची कुणाला?

गाडी देणार नाही.

७ ऑगस्ट
महारुद्र मिस्त्रीकडं नेली. इलेक्ट्रिक म्हणताच दोन पावलं मागं. "करंटच्या गाडीला हात लावत न्हाई ताई. चिटकलो तर?" ब्रेकमध्ये करंट नसतो, म्हणलं. "तुमी म्हणता ओ. गाडी म्हणती का?" आणि माझ्या चाकाशेजारी गुटखा थुंकला. वीट आला ह्या लोकांचा.

८ ऑगस्ट
नांदेडच्या सर्व्हिसवाल्याला फोन. त्याचा पहिला प्रश्न — "मॅडम, तुम्ही ब्रेक वापरता का?" काय डोकं फिरलं माझं! म्हणलं, मग काय दोरी बांधून थांबवते का? तो बिचारा शांत. म्हणाला, ह्या गाडीचा वेग नुसता पाय उचलला तरी कमी होतो, खरे ब्रेक लागतच नाहीत, मग पावसाळ्यात चाकातल्या ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो. गंज घासला जातो, तो किंचाळतो. मोकळ्या रस्त्यावर चार-सहा वेळा जोरात ब्रेक मारा, साफ होईल.

फोन ठेवला आणि आठवलं — ब्रेकला पाय लावू नको, पाय नुसता उचल, बॅटरी भरते, हे घरात रोज कोण घोकतं? जीवनराव! रोज संध्याकाळी बॅटरी किती उरली ते वाकून बघतात. गंज ह्यांच्या कंजूषपणाचा, आणि दोष माझ्या पायाचा!

१० ऑगस्ट, रविवार
सकाळीच बायपासला गेले. मामा म्हणाले, "मी बी येतो." सासरे माझे, लिंबाजी. पालमकडं जन्मभर शेती केली, आता बैल विकून आमच्याकडं राहतात. पट्टा लावून ताठ बसले. मी वेग घ्यायची अन् कचकन ब्रेक. पहिल्या दोन वेळा कानाचे पडदे फाटले. तिसऱ्यांदा कमी. मग नुसती खरखर. आणि मग — काहीच नाही! मामा खूश. "आता कशी येसण वढल्यावानी थांबली!"

घरी येऊन सांगितलं. जीवनराव पेपरातून तोंड वर न काढता — "हं."

१६ ऑगस्ट
चार दिवस झड. सकाळी गाडी काढताना गल्लीतच पुन्हा किर्रर्र! पुढं दोन चौक गेलं की आवाज आपोआप बंद होतो. रात्रीच्या पावसाचा गंज, बाकी काही नाही. पण गल्लीला ऐकू गेलं ना! "माझी इज्जत जायलीय," म्हणे जीवनराव. इज्जत ब्रेकमध्ये ठेवली होती का?

२१ ऑगस्ट, गुरुवार
उद्या पोळा. मामांना बैलांची लय आठवण यायलीय. घरी आले तर म्हातारा वाटीत तूप-हळद घेऊन गाडीभोवती फिरतोय! खांदमळणी! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला लावतात तशी. वर गाडीला निमंत्रण — "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." हसावं का रडावं? जीवनराव पण तिथंच घुटमळत होते. डोकं दुखत होतं, मी आत जाऊन पडले.

२२ ऑगस्ट, पोळा
बॉनेटभर मुंग्या! तुपात चिकटून मेलेल्या, काही वळवळणाऱ्या. ईईई! साबण लावून पुसलं, तरी हाताचा वास जाईना. त्याच हातानं पुरणपोळ्या लाटायच्या!

त्यात जीवनराव एक चक्कर मारून आले. आवाज नाही! अजिबात नाही! जेवताना माझ्या भावासमोर मिशीवर ताव — "बघा, एक दिवस मी चालवली. गाडी चालवणाऱ्यावर असती, पाव्हणं." वर उदार मनानं — "उद्या ने तू. पण परत आवाज आला तर चावी माझ्याकडं."

संध्याकाळी मामा मोठ्या दिरांकडं पालमला गेले, आठ दिवसांसाठी.

२३ ऑगस्ट


परभणी सुटताच रस्त्यावर शेळ्या आल्या. बॅटरी पूर्ण भरलेली. तशी असली की पाय उचलून वेग कमी होत नाही, सगळा भार खऱ्या ब्रेकवर. दाबला. गाडी थांबेना! मुळापर्यंत दाबला — नुसती घसरत चालली. शेवटी बाभळीत घातली. कमलबाईंचा ओठ फाटला, रक्ताची धार. टाके पडले. बिचारी मलाच म्हणते, "रडू नका मॅडम. शेळ्या वाचल्या."

२५ ऑगस्ट
महारुद्रनं आज मात्र चाकं खोलली. सीटवरचं रक्त बघून लाजला असेल. चारी चकत्या तेलकट! म्हणाला, "ब्रेकला तेल? ह्यो कुणाचा शानपणा?" मी काही बोलायच्या आत जीवनराव — "बाबा! खांदमळणी! तूप लावलं असणार चाकांना."

खरंच की! डोळ्यांपुढं ती वाटी आली. अस्सा संताप आला त्या म्हाताऱ्याचा! एका माणसाच्या हौसेपायी आम्ही दोघी मेलो असतो. येऊ दे, म्हणलं, सोडणार नाही.

२६ ऑगस्ट
नवे ब्रेक बसले. चावी जीवनरावांच्या खिशात. "तुझी भीती बसलीय, आता काही दिवस एसटी." भीती बसलीय म्हणे! बसमध्ये एकानं माझ्या पायावर ओकलं. कमलबाई ओठाला रुमाल लावून उभ्या.

२८ ऑगस्ट
रोज गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि येते. रोज!

३० ऑगस्ट, शनिवार
सकाळी मामा आले. पिशवी खाली ठेवायच्या आत मी तोंड सोडलं — चाकाला तूप का लावलं?

म्हातारा म्हणतो, "चाकाला? खुळी का काय माय! खांदमळणी खांद्याची आसती. म्या म्होरं वरी लावलं. बैलाच्या खुराला कुणी तूप लावतंय व्हय? घसरंल की जनावर." मग साधेपणानं — "चाकापाशी तर जीवन बसला हुता. मोटरसायकलच्या चेनला मारत्यात ती फवाऱ्याची डबी घिऊन. म्हणला, आता न्हाई वरडत."

जीवनराव अंघोळीला गेले होते. पँट खुंटीला. खिशातून चावी काढली. आतून हाक आली, "अगं, टॉवेल दे."

दिला नाही. कमलबाईंना आणायला निघाले.