पोथीची चिकटलेली पानं

५ नोव्हेंबर २०२२, शनिवार
प्रगतीला गावात भाषण करायचंय. एमएस्सीचं काम म्हणे. विषय — एपिजेनेटिक्स. आमच्या कळस गावच्या लोकांना! मराठीत काय म्हणतात, विचारलं. लेकीनं जो शब्द सांगितला तो ऐकून म्हैस पान्हा चोरेल.

६ नोव्हेंबर
सकाळी पोथी वाचताना सापडलं! समईतलं तेल सांडून दोन पानं चिकटलीत. चार वर्षं मी ती सोडूनच पुढं वाचतोय. अक्षर एकही पुसलेलं नाही, तरी वाचलं जात नाही. प्रगतीला दाखवलं. म्हणाली, दादा, हेच! जीन म्हणजे पोथी. कुठली पानं उघडी, कुठली चिकटलेली, हा आमचा विषय.
देवाला माझा आळस आधीपासून ठाऊक असावा.

७ नोव्हेंबर
सोमवार. उपास. साबुदाण्यानं शुगर तीनशेवर. महादेवाची तक्रार नाही, डॉक्टरांची आहे.

१३ नोव्हेंबर, रविवार
देवळात भाषण झालं. निम्मे लोक शुगर फुकट तपासणार म्हणून आलेले. पोथी मात्र सगळ्यांना कळली. मग प्रगती म्हणाली, आई उपाशी राहिली तर पोटातल्या बाळाचीही पानं चिकटू शकतात. पुढं शुगर होण्याचा धोका वाढतो. एकाच माणसाकडं बोट दाखवून मात्र सांगता येत नाही.
पुढं बसलेल्या झुंबरतात्यांनी लगेच माझ्याकडं बोट दाखवलं. "म्हंजी ह्यो बघा, बहात्तरच्या दुष्काळातला!"
माझा जन्म त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीतला. लोक हसले. मीही हसलो. मागं बायकांत आई बसली होती, हे नंतर आठवलं.
घरी येऊन ती जेवली नाही. प्रगती रडायला लागली — मी आजीला दोषी ठरवलं.

१४ नोव्हेंबर, सोमवार
रात्रभर जुळवलेलं सकाळी आईला सांगितलं. तुझा दोष नाही, दुष्काळ होता, शुगर माझ्या पेढ्यांची.
"माझा कसला दोष?" आई म्हणाली. "मी कुठं उपाशी व्हते? तुझी आजी तिची भाकर मला घालायची. म्हनायची, खा तू, माझा सोमवार हाय."
मग पदर सावरत म्हणाली,
"त्या साली तिचा रोजच सोमवार असायचा. मला वाटायचं, सासू लई देवभोळी. काल देवळात बसल्यावर कळलं बघ."