अर्धी राहिलेली पाटी

सोमवार, ३ जून
आज प्रशिक्षण! कट्टरतेकडे झुकणारा कैदी कसा ओळखायचा — तीन तास. म्हणे एकटा पडतो, जुने छंद सोडतो, नव्या मंडळींत रमतो. ही तर आमच्या नवऱ्याची निवृत्तीनंतरची लक्षणं! संशय आला की त्याच दिवशी फॉर्म भरायचा. तुरुंगाच्या ग्रंथालयात अकरा वर्षं काढली, एकही भरलेला नाही.

गुरुवार, ६ जून
रंगारी कैदी आजही ग्रंथालयाची पाटी रंगवायला बसला नाही. 'ग्रंथा'वरच घोडं अडलंय. हल्ली तो प्राध्यापकाच्या टेबलावर असतो. हा प्राध्यापकही कैदीच, नाव बाकीच्यांनी पाडलेलं; कॉलेजाचं तोंड पाहिलेलं नाही. बोलणं गोड, आणि सांगतो काय — 'ते लोक संपल्याशिवाय आपल्याला न्याय नाही.' चौघे जण माना डोलावतात. पाचवा आता हा.

रंगाऱ्याने पुस्तक परत दिलं. "बाई, नीट झटकून घ्या." मला शिकवतोय! परत आलेलं पुस्तक झटकून, चाळून मगच कपाटात, हा नियम माझाच. पण पाठ धरली आहे. ढीग कोपऱ्यात तसाच.

मंगळवार, ११ जून
"बाई, झटकलंत?" पुन्हा तेच! म्हटलं, "तू आधी पाटी पूर्ण कर." हसला नाही.

त्याची सुटका दोन महिन्यांवर आली आहे. बायकोने घराच्या भिंती तशाच ठेवल्यात, हा येऊन रंगवणार म्हणून. फॉर्म गेला आणि सुटका लांबली तर? हात धजत नाही.

बुधवार, १२ जून
नवऱ्याला सांगितलं. "तू न्यायाधीश कधी झालीस? दिसलं ते लिही." बरोबर बोलला, म्हणून जास्तच राग आला.

गुरुवार, १३ जून
भरला एकदाचा! एक पान, चार वेळा खाडाखोड. सुरक्षा अधिकारी म्हणाले, "बाई, ही शिक्षा नाही. आधी त्याच्याशी बोलू." दुपारी त्याला दुसऱ्या बराकीत हलवलं. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवसभर स्वतःला चुगलखोर म्हणत बसले.

सोमवार, १७ जून
पाठ बरी. ढीग उपसला. रंगाऱ्याच्या पुस्तकातून चिठ्ठी पडली —
'बाई, माझ्याबद्दल फॉर्म भरा. सुटल्यावर प्राध्यापकाची माणसं माझ्याकडून कुणाला तरी मारून घेणार आहेत. मी स्वतः सांगायला गेलो तर मला जिवंत सोडणार नाहीत.'

अकरा दिवस ती माझ्या कोपऱ्यात पडून होती. आणि मी त्याला पाटी पूर्ण कर म्हणत होते.