आईच्या लुगड्यांची गोधडी

म्हैसूर, रविवार, ता. १२

आजोबांच्या वेळी असायची तशी बाज अखेर विणून झाली. काथ्याने बोटं सोलली. आई जाऊन वर्ष झालं. तिच्या लुगड्यांची गोधडी अप्पांनी या बाजेसाठी हाताने शिवली, तर ती निघाली हातभर लांब! मी कात्री उचलली. अप्पांनी मनगटच धरलं. "बेडा, बेडा! नको, तिच्या लुगड्याला कात्री नको रे."

मंडी मोहल्ल्यात जन्म शिंपीकामात गेला, आणि हा माणूस कात्रीला भितो? चिडलो मी. उगाच चिडलो. नंतर पाहिलं, ते गोधडीची घडी करत होते, एकही सुरकुती पडू न देता.

उद्या लांब लाकडं आणतो. सगळी दोरी सोडवून पुन्हा विणायची. अप्पांनी जन्मभर माणसाच्या मापाने कापड बेतलं. एकदा कापडाच्या मापाने बाज बेतू.