वरमायचा डावा हात

२ मे, शुक्र.
केमो संपून दोन महिने झाले. डोक्यावर केस आलेत, नारळाच्या शेंडीसारखे, वाट्टेल त्या दिशेला. आज फिजिओवाल्या मुलीने परत बजावलं. ऑप.मध्ये डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात, तो हात कधीही सुजू शकतो. बीपी नाही, सुई नाही, जड पिशवी नाही. "आणि काकी, घट्ट बांगडी तर अजिबात नको हां. एकदा सूज आली की लवकर हटत नाही."
मान डोलावली. परळहून लालबागला येईस्तोवर निम्मं विसरले. ह्यांनी विचारलं, काय सांगितलं? आठवेना. डॉ. म्हणतात, केमोने होतं असं, जाईल. कधी जाईल, ते विचारायचंच राहिलं.

६ मे, मंगळ.
लेकाच्या, अमेयच्या लग्नाचा माझा ब्लाउज आला. टेलरने डाव्या बाजूला आतून कापसाची छोटी गादी शिवलीय. आरशात बघितलं. दोन्ही बाजू सारख्या. रडू आलं. सारख्या नव्हत्या तेव्हा इतकी रडले नव्हते. माझं मला काही कळत नाही.

११ मे, रवि.
शिवडीच्या वन्सं आल्या. "वयनी, कासारीण बुधवारी येतली. दोनय हात भरून घे." म्हटलं, डाव्यात चालत नाही मला. त्यांनी हाताकडे बघितलं. मग, "बघ बाय. तुझो हात, तुझो घोव. वरमायचो एक हात मोकळो बरो दिसणा नाय, इतक्याच सांगतंय." घोव म्हणजे नवरा, तो मध्ये आणलाच.
केमोच्या दिवसांत ह्याच बाई शिवडीहून पेजेचा डबा घेऊन यायच्या. रागावणार तरी कशी?
ह्यांना सांगितलं. "ताईचं मनावर घेऊ नको. हात महत्त्वाचा." हे असंच म्हणणार, ठाऊक होतं. बरं वाटलं.

१४ मे, बुध.
चुडा भरला. मजल्यावरच्या सगळ्या बायका जमल्या होत्या. मी उजवा हात दिला. भरून झाल्यावर कासारीण म्हणाली, "दुसरा द्या."
आणि मी दिला.
कुणी जबरदस्ती केली नाही. वन्सं तर तेव्हा चहा टाकत होत्या. विसरले म्हणावं, तर तेही खोटं. लख्ख आठवत होतं. वर्षभर पेशंट होते, तेवढा वेळ नुसती वरमाय व्हावंसं वाटलं. बहुतेक. नक्की सांगता येत नाही.
कासारीण घट्टच भरते, सैल चुडा म्हणजे तिची अब्रू. हिरव्यागार काचेच्या बांगड्या. हात छान दिसत होते.

१५ मे, गुरु.
सकाळी डावी मूठ वळेना. दुपारी बांगड्यांच्या दोन्ही बाजूंनी मांस फुगून आलं. साबण लावला, तेल लावलं, प्लास्टिकची पिशवी सरकवून बघितली. निघत नाहीत. फिजिओला फोन. "आजच फोडा काकी, आणि दाखवायला या."
फोडा, म्हणे. सवाष्णीची बांगडी आम्ही 'वाढवतो', आणि लग्नघरात हळदीच्या तोंडावर तर तेही कुणी करत नाही. नवऱ्यावर येतं म्हणतात. मी असलं मानत नाही. मग काल हात पुढे का केला?
ह्यांना म्हटलं, पक्कड आणा. हे हाताकडे बघत राहिले. मग हळूच, "रविवारी लग्न होईपर्यंत नाही का थांबता येणार?"
हे म्हणाले. हात महत्त्वाचा म्हणणारे हे. चेहरा बघितला तर चक्क घाबरलेले. वन्संना फोन लावला आणि न बोलताच ठेवला.

१६ मे, शुक्र.
सूज कोपरापर्यंत. उद्या हळद. घरात पाहुणे यायला लागतील.
दुपारी जेवण झाल्यावर बोलून गेले. "अहो, वर्षभर मी भ्यायले आणि तुम्ही म्हणत होतात, काही होत नाही. आता दोन दिवस तुम्ही भ्या. मी म्हणते, काही होत नाही."
असं बोलायला नको होतं. बोलायलाच हवं होतं. दोन्ही खरं वाटतंय.
 हे उठून टॉवेल आणि पक्कड घेऊन आले. माझा हात मांडीवर घेतला, टॉवेल गुंडाळला, डोळे मिटून पहिली वाढवली. मी आधी त्यांच्याकडेच बघितलं, हाताकडे नंतर. त्यांच्या ते लक्षात आलं. दोघांनाही हसू आलं.
मग दुसऱ्या बांगडीपाशी पक्कड थांबली. म्हणाले, "थांब जरा."
डाव्यात अजून पाच आहेत. हे उजव्या हाताने लिहितेय. ते पक्कड धरून बसलेत आणि मी त्यांना घाई करत नाहीये.