ऐकणाऱ्यालाही बोलवायचं

सोमवार
पोचलो! बोटीतून उतरताना माझी एक चप्पल पाण्यात गेली आणि वकील इतका हसला, की बोटवालाही हसायला लागला. (वकील म्हणजे माझा होणारा नवरा. कामाला चष्म्याच्या दुकानात आहे, पण वादात कुणाला हार जात नाही म्हणून घरात सगळे त्याला वकीलच म्हणतात.) बेट खरंच रानटी आहे. एक लाकडी धक्का, मॅनेजरबाईंचं विश्रामगृह, पुढे वाळू, मागे दाट रान. लग्न शनिवारी, वाळूवरच. पांढऱ्या खुर्च्या आत्ताच मांडून झाल्यात. उद्या वकील परत जाईल आणि शनिवारी सगळ्यांना घेऊन येईल, तोवर इथली तयारी माझ्याकडे. आई आधी म्हणाली होती, जग सोडून समुद्रात कसलं लग्न करताय! आणि लगेच कोण कुठल्या खोलीत झोपणार ते ठरवायला बसली.

मंगळवार
फोनला रेंज फक्त धक्क्याजवळच्या उंच खडकावर. दुपारी तिथे बसून आमंत्रणाचे उरलेले फोन केले. आमच्याकडे एकदा 'या' म्हटलं तर ते आमंत्रण धरत नाहीत, आग्रह करावा लागतो. त्यात मोठी मावशी. ती म्हणाली, मला म्हातारीला कोण विचारतंय, पाणी नुसतं बघितलं तरी घेरी येते मला. मी गळ घातली, रडवेली झाले, तू नसलीस तर लग्नाला अर्थच काय म्हटलं. तेव्हा कुठे विरघळली.

फोन ठेवला तर खाली खडकांत काही माणसं बसलेली. पाठमोरी. शिंपल्या वेचणारी असावीत. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं असणार, मला कानकोंडं झालं. घरची शिस्तच आहे: एकाला बोलावलं आणि दुसऱ्याने ऐकलं, तर त्यालाही बोलवायचं. बाबांनी तर मीटर बघायला आलेल्या माणसाला ताईच्या लग्नाचं आमंत्रण दिलं होतं, आणि तो आलाही होता, सासूबाईंसकट. म्हणून मी वरूनच हाक दिली, तुम्हीही या हं, घरच्या सगळ्यांना घेऊन या. कुणी वळलं नाही. पण सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. मला हलकं वाटलं.

बुधवार
सकाळी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या ओल्या होत्या. पाऊस नव्हता. बसायची जागा तेवढी ओली आणि पाठ टेकते तिथे शेवाळ. मॅनेजरबाई म्हणाल्या, भरती आली असेल. पाण्यापासून खुर्च्यांपर्यंतची वाळू मात्र कोरडी होती.

मी शिंपल्या वेचणाऱ्यांचं विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, इथे मी, माझे मिस्टर आणि डास, चौथं कुणी नाही. मी आमंत्रणाचं सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. मागे एकदा याच खडकांवर प्रवाशांची बोट फुटली होती म्हणे. माणसं सापडलीच नाहीत. त्या म्हणाल्या, अहो, तोंड बघितल्याशिवाय कुणाला बोलावतात का! आणि आत जाऊन बॅगा भरू लागल्या.

मला त्या खडकांतल्या माणसांची भीती नाही वाटली. लाज वाटली. मॅनेजरबाईंच्या घरात येऊन मी हे करून ठेवलं.

गुरुवार
सामानाच्या बोटीतून बाई आणि मिस्टर गेले. मला दंडाला धरून ओढत होत्या. मी गेले नाही. पाहुणे येऊन बसलेत आणि यजमानीण पळाली, हे कसं दिसेल — असं मी खरंच म्हणाले. आता लिहितानाही अंगावर काटा येतो.

आज ते पाहुणे भर उन्हात खुर्च्यांवर दिसतात. पाठमोरे. मुलं मांडीवर घेऊन, शिस्तीत. मी सवयीने पाण्याचे ग्लास नेऊन ठेवले. त्यांच्यातल्या एकीने न वळता विचारलं, तुझी माणसं कधी यायची, आम्ही खोळंबलोय.

मी सांगितलं. शनिवारी, म्हणाले. मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं — तोंडातून निघूनच गेलं.

शुक्रवार
येऊ नका, एवढं सांगायला खडकावर चढले. फोन वकिलाने घेतला. मावशी घेरीची गोळी आत्तापासून मुठीत धरून बसलीय, म्हणाला. मागे आईचं हसणं. मग मावशीने फोन ओढून घेतला. केवळ तुझ्यासाठी येतेय हो, म्हणाली, नाहीतर मी बोटीत पाय टाकला नसता.

आता सांगायचं होतं. एवढी गळ घालून आता नको म्हणू? ती जन्मभर बोलायची नाही. आईला चारचौघांत मान खाली घालावी लागेल. आणि कारण काय सांगू?

जपून ये, म्हटलं. बस्स. सगळं माहीत असून जपून ये म्हटलं.

परत लावला. रेंज नाही. परत. नाही. खाली खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणालं, छान बोललीस.

शनिवार
खुर्च्या रिकाम्या. सगळ्या. ओली पावलं पाण्याकडे गेलेली.

पाहुण्यांना सामोरे गेलेत.

नंतर
बोट दिसली. ओरडून घसा बसला. वारा उलटा. पलंगावरची चादर हलवतेय — परत जा — मागे फिरा —

थांबली. वळतेय. वळली! आयुष्यात पहिल्यांदा कुणाला नको म्हटलं मी. रुसू दे मावशी. जन्मभर रुसू दे, पण घरी बसून —

वळली नाही. बोटीचा तळ दिसतोय तो.

नंतर
खुर्च्या करकरताहेत. खडकावरच आहे, खाली बघत नाही. आईचं खाकरणं — ओळखू येतं. वकील कुणाशी तरी वाद घालतोय, नवरदेवाची जागा ही की ती —

मावशी इथे वर आलीय. माझ्या मागे. पाठ भिजली माझी. म्हणते, एवढा आग्रह केलास, आता तोंड का लपवतेस. म्हणते, वळ इकडे, लाजायचं काय त्यात, तू बोलावलंस म्हणून तर आम्ही —